ग्लासगोवाल्यांनी नक्की काय केलंय? एका लेझरवाल्याचं लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मुलगी नांदेडला फिजिक्समध्ये एमएस्सी करतेय, तिला ग्लासगो युनिव्हर्सिटीत जायचंय, गेल्या दोन-तीन वर्षांत त्या युनिव्हर्सिटीचं नाव ब्लॅक होलच्या बातम्यांत सारखं येतंय, तर तिथे खरंच काही घडलंय का नुसती जाहिरातबाजी आहे, आणि आपल्या हिंगोलीला होणाऱ्या लायगोशी, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या यंत्राशी, त्याचा काही संबंध आहे का. संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे. जाहिरातबाजीही आहे, तिच्याबद्दल शेवटाकडे लिहितो. आधी सांगून टाकतो की मी ग्लासगोचा माजी विद्यार्थी वगैरे नाही. माझं काम लेझर, ऑप्टिक्स आणि व्हॅक्यूमचं, त्यामुळे या लोकांचे पेपर आणि त्यांच्या पद्धती रोजच्या कामात लागतात म्हणून ओळख. म्हणजे हे सगळं मेकॅनिकच्या नजरेतून वाचा, खगोलशास्त्रज्ञाच्या नाही.

बातम्या आधी उरकून घेऊ, कारण त्या तुम्ही वाचल्याच असतील. जुलै २०२५ मध्ये ग्लासगोला सापेक्षतावाद आणि गुरुत्वीय लहरी (प्रचंड वजनाच्या वस्तू आदळल्या की अवकाशात उठणारे तरंग) या विषयांच्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदा एकत्र भरल्या, आणि त्याच वेळी जीडब्ल्यू२३११२३ जाहीर झालं. २३ नोव्हेंबर २०२३ ला पकडलेला सिग्नल, सूर्याच्या साधारण १०० पट आणि १४० पट वजनाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळून २२५ पटीच्या आसपासचं एक झालं. लहरींवरून पकडलेल्यांपैकी तोवरचं सगळ्यात वजनदार प्रकरण. तारा मरून थेट इतकं मोठं कृष्णविवर होणं नेहमीच्या सिद्धांतात बसत नाही, त्यामुळे ही दोघं स्वतःच आधीच्या टकरींतून तयार झालेली असावीत असा एक अंदाज आहे. मग सप्टेंबर २०२५ मध्ये जीडब्ल्यू२५०११४ आलं, १४ जानेवारी २०२५ चा सिग्नल, आणि माझ्या मते हे त्याच्याहून भारी. का ते सांगतो. ही टक्कर जवळजवळ २०१५ च्या पहिल्या सिग्नलसारखीच, ३०-३५ सूर्यांची दोन कृष्णविवरं, १३० कोटी प्रकाशवर्षं लांब. पण दहा वर्षांत यंत्र इतकं सुधारलं की तसलाच सिग्नल आता तीनेक पट स्पष्ट दिसला. इतका स्पष्ट की हॉकिंग यांनी १९७१ मध्ये मांडलेलं प्रमेय तपासता आलं, कृष्णविवरांच्या पृष्ठभागाचं एकूण क्षेत्रफळ कधी कमी होत नाही ते. टकरीआधी दोघांचं मिळून साधारण २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, नंतरच्या एकाचं ४ लाखांच्या आसपास. आपला महाराष्ट्र ३ लाख ७ हजारांचा, म्हणजे आधी दोघं मिळून महाराष्ट्रापेक्षा लहान होती आणि नंतर महाराष्ट्र गिळून वर कर्नाटकाच्या निम्म्यापर्यंत गेली असं समजा.

आता मुद्दा असा की या दोन्ही बातम्या काही 'ग्लासगोने शोधलं' अशा नाहीत. हजाराच्या वर शास्त्रज्ञ आहेत लायगोच्या कोलॅबोरेशनमध्ये, म्हणजे अनेक देशांच्या एकत्रित गटात, लायगोची यंत्रं अमेरिकेत आहेत, वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला एक आणि लुइझियानात लिव्हिंग्स्टनला एक, जोडीला इटलीत व्हर्गो आणि जपानात काग्रा. प्रत्येक भागीदार विद्यापीठाचा पीआर विभाग आपापल्या गावच्या पेपरला 'आमच्या शास्त्रज्ञांनी' म्हणून प्रेस नोट देतो, पुण्यात देतात, कार्डिफला देतात, ग्लासगोतही देतात, त्यात खोटं काही नसतं पण त्यावरून कोणाचं नेमकं काय ते कळत नाही. म्हणून माझी एक साधी पद्धत आहे, बातमी बाजूला ठेवायची आणि विचारायचं की त्या यंत्रातली कुठली वस्तू तुम्ही बनवलीत, जी नसती तर यंत्र चाललं नसतं? या प्रश्नाला ग्लासगोकडे फार ठोस उत्तर आहे. त्यांनी आरसे टांगलेत.

ऐकायला फुसकं वाटतं ना, टांगलेत म्हणजे काय. पण अख्ख्या लायगोत माझ्या मते सगळ्यात अवघड कारागिरी तीच आहे, तर जरा सविस्तर लिहितो.

लायगोच्या दोन भुजा ४-४ किलोमीटरच्या, काटकोनात, टोकाला आरसे. लहर गेली की एक भुजा किंचित लांब होते, दुसरी किंचित आखूड, आणि लेझरने हा फरक मोजायचा. किंचित म्हणजे किती, तर १ भागिले १ वर २१ शून्यं, या हिशेबाने ४ किलोमीटरमध्ये फरक पडतो तो प्रोटॉनच्या व्यासाच्या शेकडो पट लहान. एवढं मोजायचं तर आरसा स्वतः त्याहून कमी हलला पाहिजे, आणि जमीन तर सतत हलत असते, ट्रक जातो, वारा सुटतो, समुद्राच्या लाटा शेकडो किलोमीटरवर किनाऱ्याला आपटल्या तरी जमीन हलते. म्हणून आरसा जमिनीला टेकवायचाच नाही, लोलकासारखा टांगायचा. लोलकाचा गुण असा की त्याच्या नैसर्गिक गतीपेक्षा जलद हलवलं तर खालचं वजन जवळपास जागेवरच राहतं. एक लोलक पुरत नाही म्हणून लोलकाखाली लोलक, त्याखाली अजून, असे चार मजले. ही कल्पना आणि बरंचसं डिझाइन आलं ग्लासगोवाले आणि जर्मन लोकांनी मिळून हॅनोव्हरजवळ उभारलेल्या जीईओ६०० या ६०० मीटरच्या यंत्रातून, तिथे तीन मजले होते. जीईओ६०० मोठे शोध लावायला फारच लहान होतं, पण नवीन तंत्र आधी तिथे वापरून बघायचं आणि जमलं की लायगोत न्यायचं असं त्याचं काम झालं, आणि हे काम पेपरात कधी येत नाही.

जमिनीचं हलणं असं थांबवलं तरी दुसरी भानगड उरते. ज्या तारेने टांगलंय ती तारच हलते. तिच्यातले रेणू उष्णतेने थरथरत असतात, खोलीच्या तापमानाला कुठलीही वस्तू पूर्ण शांत नसतेच. याला आम्ही थर्मल नॉइज म्हणतो. जुन्या लायगोत आरसे स्टीलच्या तारेवर टांगले होते आणि स्टीलमध्ये आतलं घर्षण जास्त. घर्षण जास्त असलं की ही थरथर सगळ्या फ्रीक्वेन्सींवर पसरते, म्हणजे नेमकी जिथे आपल्याला सिग्नल ऐकायचाय तिथेही. देवळातली चांगल्या ओतकामाची घंटा एकाच सुरात बराच वेळ वाजत राहते आणि तडा गेलेली घंटा खडखडून गप्प होते, तसंच काहीसं हे आहे, घर्षण कमी असलेल्या पदार्थात सगळी थरथर एक-दोन नेमक्या सुरांत गोळा होते आणि बाकीचं मैदान शांत राहतं. ते सूर ठाऊक असतात, त्यामुळे डेटातून तेवढेच कापून टाकता येतात. तर असा कमी घर्षणाचा पदार्थ कुठला? फ्यूज्ड सिलिका, म्हणजे एकदम शुद्ध काच.

म्हणजे ४० किलोचा आरसा, ३४ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर जाड, काचेच्या चार धाग्यांवर टांगायचा. प्रत्येक धागा साधारण ६० सेंटिमीटर लांब आणि ०.४ मिलिमीटर जाड. एकेका धाग्यावर १० किलो. काच ठिसूळ म्हणून आपण घाबरतो पण ताजा ओढलेला, ओरखडा नसलेला सिलिकाचा धागा प्रचंड ताकदीचा असतो, याच जाडीचा धागा पन्नासेक किलोला तुटेल, म्हणजे हाताशी बऱ्यापैकी मार्जिन राहतं. फक्त ओरखडा नको. मधल्या भागाला बोट लागलं की तो धागा बाद, काहीही दिसत नसलं तरी बाद, कारण डोळ्याला न दिसणारी चीर वजनाखाली वाढत जाते आणि कधीतरी रात्री दोन वाजता तुटतो.

हे धागे बनवायची पद्धत ग्लासगोत बसवली गेली. ३ मिलिमीटर जाडीची सिलिकाची कांडी घ्यायची, कार्बन डायऑक्साइड लेझरने तापवायची, मऊ झाली की मशीनने दोन्हीकडे ठरलेल्या वेगाने ओढायची. आधी गॅसच्या ज्योतीवर ओढायचे, पण ज्योतीतून अशुद्धी येते आणि जाडीवर नीट ताबा राहत नाही. लेझरने दोन्ही सुटलं. धागा सगळीकडे सारखा जाडही नसतो बरं का, टोकांजवळ मुद्दाम ०.८ मिलिमीटरचा ठेवतात, कारण सगळ्यात जास्त वाक तिथेच येतो आणि त्या जाडीला आणि त्या ताणाला उष्णतेने होणारे दोन परिणाम एकमेकांना मारतात. कोणीतरी ही गोष्ट कागदावर काढली, मग कोणीतरी तेवढी अचूक जाडी येईल असं मशीन बांधलं, मग कोणीतरी ते धागे हजारदा ओढून, वजन लावून, मुद्दाम तोडून बघितले. मग धागा आरशाला लावायचा कसा? गोंद चालत नाही, गोंदात घर्षण. त्यासाठी सिलिकेटचं एक द्रावण वापरून काचेला काच रासायनिक पद्धतीने जोडतात, तो थर १०० नॅनोमीटरपेक्षाही पातळ. ही पद्धत मूळ स्टॅनफर्डची, ग्रॅव्हिटी प्रोब बी या उपग्रहासाठी काढलेली, ग्लासगोवाल्यांनी ती उचलून आरशांसाठी घोटून पक्की केली. आरशाच्या बाजूला काचेचे छोटे कान चिकटवायचे आणि धागा त्या कानांना लेझरने वेल्ड करायचा. शेवटचे दोन मजले असे पूर्ण काचेचे, मध्ये धातू नाही. बर्मिंगहॅम, स्ट्रॅथक्लाइड आणि रदरफर्ड ॲपल्टन लॅबवालेही या सस्पेन्शनच्या, म्हणजे टांगण्याच्या, कामात होते, तेवढं श्रेय वेगळं ठेवलं पाहिजे.

हे किती नाजूक आहे ते बघायचं तर व्हर्गोकडे बघा. त्यांनीही काचेचे धागे बसवले, आणि ते तुटायला लागले, परत परत. धाग्यात दोष नव्हताच. व्हॅक्यूममध्ये हवा भरताना-काढताना पंपांकडून आलेले धुळीचे कण धाग्यावर आपटत होते. शेवटी ऑगस्ट २०१७ मध्ये व्हर्गो डेटा घ्यायला उतरलं ते स्टीलच्या तारांवर, आणि काच पुढे २०१८ मध्ये परत बसवली. व्हॅक्यूमवाला म्हणून मला हा किस्सा फार आवडतो, जगातली सर्वोत्तम काच आणि तिला हरवलं कोणी तर पंपाच्या धुळीने.

१४ सप्टेंबर २०१५ ला पहिला सिग्नल आला तेव्हा आरसे याच धाग्यांवर टांगलेले होते. ११ फेब्रुवारी २०१६ ला जाहीर झालं, तेव्हा ग्लासगोच्या ग्रुपच्या प्रमुख शीला रोवन होत्या, ज्या पुढे स्कॉटलंड सरकारच्या मुख्य वैज्ञानिक सल्लागारही झाल्या. त्यांच्या आधीच्या पिढीचे जिम हफ, आणि त्यांच्याही आधी रॉन ड्रेव्हर.

ड्रेव्हरबद्दल थांबून लिहिलं नाही तर हे उत्तर अर्धवट राहील. ग्लासगोजवळच्या बिशपटनचा माणूस, तिथल्याच युनिव्हर्सिटीत शिकला. १९६० च्या सुमारास त्याने घरामागच्या बागेत, गाडीच्या बॅटऱ्या आणि हाताने जमवलेलं सामान वापरून लिथियमच्या अणुकेंद्रकावर एक प्रयोग केला, अवकाशात सगळ्या दिशा जडत्वाच्या दृष्टीने सारख्याच आहेत का ते तपासायला, आणि तो इतका अचूक निघाला की आजही ह्यूज-ड्रेव्हर प्रयोग म्हणून पुस्तकात आहे. बागेत केला कारण तिथे लॅबमधल्यासारखा लोखंडाचा आणि विजेचा गोंगाट नव्हता आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र फुकट मिळत होतं. पुढे अमेरिकेत जोसेफ वेबर यांनी १९६९ मध्ये गुरुत्वीय लहरी सापडल्याचा दावा केला, तो काही टिकला नाही, पण त्याच्यामुळे ग्लासगोत ड्रेव्हर आणि हफ या विषयात पडले, आधी धातूचे जड ठोकळे, मग लेझर, मग १० मीटर भुजांचं प्रोटोटाइप. ड्रेव्हरना कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेकने उचललं आणि वाइस, थॉर्न आणि ते असे तिघे लायगोचे जनक मानले जातात. माणूस प्रतिभावान पण टीममध्ये चालवायला महाकठीण, १९९२ मध्ये प्रोजेक्टमधून बाहेर काढले गेले. ७ मार्च २०१७ ला गेले, आणि नोबेल जाहीर झालं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, वाइस, थॉर्न आणि पुढे लायगोचं नेतृत्व केलेले बॅरिश यांना. मृत्यूनंतर नोबेल देत नाहीत. आणि २०१६ मध्येच दिलं असतं तर तिसरं नाव कोणाचं असतं यावर आमच्या क्षेत्रात चहाच्या वेळेला अजून वाद होतात.

त्यांची एक गोष्ट तर मी रोज वापरतो. लेझरची फ्रीक्वेन्सी एका स्थिर पोकळीला (समोरासमोरच्या दोन आरशांमधल्या जागेला) बांधून ठेवायची पद्धत, पाउंड-ड्रेव्हर-हॉल, १९८३ चा पेपर, त्यावर ड्रेव्हर आणि हफ दोघांचीही नावं आहेत. जगातल्या कुठल्याही अचूक लेझर लॅबमध्ये जा, अणुघड्याळवाल्यांकडे जा, क्वांटम कॉम्प्युटरवाल्यांकडे जा, कोपऱ्यातल्या रॅकमध्ये हे लॉकिंग चालू असतं आणि त्यांना बहुतेक वेळा माहीतही नसतं की हे गुरुत्वीय लहरींच्या धडपडीतून आलंय. लायगोत वापरतात ती सिग्नल रीसायकलिंगची (बाहेर पडणारा सिग्नल आरशाने परत आत पाठवून वाढवायची) युक्तीसुद्धा ग्लासगोचीच, ब्रायन मीअर्स यांनी १९८८ मध्ये मांडलेली.

आता अलीकडचं, म्हणजे या टांगण्याच्या आणि मोजण्याच्या हुनरातून बाहेर काय काय निघालं. इथे मला ग्लासगोचं जास्त कौतुक वाटतं. पहिलं, वी-जी नावाचं छोटं ग्रॅव्हिमीटर. जमिनीखाली काय आहे, शिलारस सरकतोय का, पोकळी आहे का, हे वरून गुरुत्वाकर्षणातला बारीक बदल मोजून कळतं, पण त्याची यंत्रं मोठी आणि प्रचंड महाग असतात. यांनी फोनमध्ये असतो तसल्या सिलिकॉन चिपच्या तंत्राने एक इवलंसं वजन अत्यंत मऊ स्प्रिंगवर टांगलं, परत टांगणंच बघा, आणि २०१६ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की त्या चिपवर पृथ्वीची भरती-ओहोटी मोजता येते. समुद्राची नाही हं, घन जमिनीची, चंद्र-सूर्याच्या ओढीने तीही रोज वरखाली होते. त्यानंतर युरोपीय पैशातून सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीवर अशी उपकरणं वापरायचा प्रकल्प झाला. स्वस्त झालं तर भूजलाच्या कामाला आपल्या मराठवाड्यात याचा किती उपयोग होईल हा विचार माझ्या डोक्यात कायम असतो, पण तो माझा विचार, त्यांचा दावा नाही.

दुसरं अगदीच वेगळ्या दिशेचं. मूळपेशींना सेकंदाला १००० वेळा, काही दशक नॅनोमीटर इतकंच, हलवत राहायचं, म्हणजे त्या हाडाच्या पेशी बनायला लागतात, बाकी कुठलं भारी रसायन न घालता. ग्लासगोचे मॅथ्यू डाल्बी पेशींवाले आणि स्टुअर्ट रीड हे गुरुत्वीय लहरींच्या कामातून आलेले, तेव्हा वेस्ट ऑफ स्कॉटलंड विद्यापीठात आणि आता स्ट्रॅथक्लाइडला. एवढीशी हालचाल खरंच तेवढीच होतेय हे मोजणार कसं, तर लेझर इंटरफेरोमीटरने (लेझरचे दोन किरण एकत्र आणून अंतरातला बारीक फरक मोजणारं यंत्र), म्हणजे तीच लायगोवाली कला. २०१७ मध्ये त्यांनी त्रिमितीय जेलमध्ये हे करून दाखवलं. पैसा कोणाचा होता माहितीय, फुटबॉलपटू बॉबी चार्लटन यांनी सुरू केलेल्या भूसुरुंगविरोधी संस्थेचा, स्फोटात पाय गेलेल्यांसाठी हाड तयार करता यावं म्हणून. लॅबमधून हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता लांब असतो तेव्हा उद्या दवाखान्यात मिळेल असं समजू नका.

तिसरं अवकाशातलं. ३ डिसेंबर २०१५ ला युरोपने लिसा पाथफाइंडर सोडला, अवकाशातून गुरुत्वीय लहरी पकडायच्या लिसा मोहिमेची चाचणी करणारं यान, त्यातली ऑप्टिकल बेंच ग्लासगोत बनली, २० बाय २० सेंटिमीटरचा खास काचेचा ठोकळा आणि त्यावर आरसे आणि बीमस्प्लिटर (किरण दोन भागांत फोडणाऱ्या काचा) त्याच रासायनिक जोडणीने चिकटवलेले, रॉकेटच्या हादऱ्यातून जाऊनही जागचे हलता कामा नयेत म्हणून. ते यान अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगलं चाललं. मग २५ जानेवारी २०२४ ला युरोपीय अवकाश संस्थेने खऱ्या लिसा मोहिमेला मंजुरी दिली, तीन यानं, एकमेकांपासून २५ लाख किलोमीटर, २०३५ मध्ये सोडायची. तिच्याही ऑप्टिकल बेंच ग्लासगोच्या ग्रुपकडे आहेत. म्हणजे आज जी मुलं तिथे पीएचडीला लागतील त्यांच्या हातची काच अवकाशात जाण्याची खरी शक्यता आहे, आणि एमएस्सी करणाऱ्या मुलीला मी तरी सगळ्यात आधी हेच सांगेन.

बाकी इमारती वगैरे झाल्यात. मजुमदार-शॉ ॲडव्हान्स्ड रिसर्च सेंटर २०२२ मध्ये सुरू झालं, हो, बायोकॉनच्या किरण मजुमदार-शॉ, त्यांचे पती जॉन शॉ ग्लासगोचे माजी विद्यार्थी, दोघांनी मिळून ७५ लाख डॉलर दिले. कुलगुरू म्हणजे तिकडे प्रिन्सिपल, ते २०२५ मध्ये बदलले, अँटन मस्कटेली सोळा वर्षांनी गेले आणि अँडी शोफिल्ड आले, ते स्वतः सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. हे सगळं ठीक.

आता हिंगोली. लायगो-इंडियाला केंद्राची अंतिम मंजुरी ६ एप्रिल २०२३ ला मिळाली, २६०० कोटी रुपये, जागा औंढा नागनाथजवळ, साधारण १७४ एकर. पुण्याची खगोलशास्त्राची संस्था आयुका, इंदूरची लेझर संशोधनाची आरआरकॅट, गांधीनगरची प्लाझ्मा संस्था आणि अणुऊर्जा खात्याचा बांधकाम विभाग असे चौघे मिळून करतायत, लक्ष्य २०३० च्या आसपासचं. आयुकात हा विषय काही बातमी आल्यावर सुरू झालेला नाही, संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गोंगाटातून सिग्नल ओळखण्याचं गणित १९९० च्या सुमारासच घातलं होतं, तेव्हा लायगो उभंही नव्हतं. भारतात यंत्र हवं ते मुख्यतः दिशेसाठी. दोन-तीन यंत्रांवरून आकाशात लहर कुठून आली त्याचा फार मोठा पट्टा मिळतो, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला अजून एक यंत्र आलं की तो पट्टा आक्रसतो आणि दुर्बीणवाल्यांना नेमकं कुठे बघायचं ते कळतं. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे आदळले तेव्हा याचा फायदा दिसला, व्हर्गो नुकतंच आलं होतं म्हणून जागा सापडली, १३ कोटी प्रकाशवर्षांवरची एनजीसी ४९९३ दीर्घिका.

यंत्राचे मुख्य भाग अमेरिकेतून येणार, त्यांनी हॅनफर्डला दुसरं यंत्र म्हणून बनवलेला संच. पण काचेचे धागे विमानातून आणून बसवायची गोष्ट नाही. अमेरिकेतही ते साइटवरच ओढतात, तिथेच तपासतात आणि तिथेच वेल्ड करतात, कारण प्रवासात हाताळणी आली आणि हाताळणी आली की ओरखडा आला. म्हणजे औंढ्यालाही कोणीतरी लेझरसमोर बसून कांडी तापवून धागे ओढणार, आणि ते हुनर पुस्तकातून येत नाही, ज्याने शेकडो धागे तोडलेत त्याच्या शेजारी उभं राहूनच येतं. ते लोक प्रामुख्याने ग्लासगोचे आणि त्यांनी तयार केलेले आहेत. आपल्याकडे इमारत, व्हॅक्यूम, डेटा यासाठी माणसं मिळतील, सस्पेन्शनची कारागिरी येणारी माणसं मोजकी असणार, आणि २०३० गाठायचं तर ती आत्ताच तयार व्हायला हवीत. माझं म्हणणं एवढंच की तुमच्या मुलीने ग्लासगोकडे या नजरेने बघावं.

आता जाहिरातबाजीचं. स्कॉटलंडमध्ये तिथल्या रहिवासी मुलांना पदवीची फी भरावी लागत नाही, सरकार युनिव्हर्सिटीला ठरावीक रक्कम देतं आणि ती पुरत नाही अशी सगळ्या युनिव्हर्सिटींची ओरड आहे. भोक बुजवायला परदेशी मुलांची फी. ती आटली की काय होतं ते डंडी युनिव्हर्सिटीत दिसलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन कोटी पाउंडांची तूट बाहेर आली, महिन्याभरात प्रिन्सिपल गेले आणि जून २०२५ च्या चौकशी अहवालाने व्यवस्थापनाचे वाभाडे काढले. एडिनबरानेही १४ कोटी पाउंडांच्या कपातीची गोष्ट केली. डंडीत संशोधन वाईट होतं असं मुळीच नाही, औषध शोधात ते नावाजलेले आहेत, तरी हे झालं. म्हणून एक वर्षाच्या एमएस्सीच्या जाहिराती इतक्या गोड असतात. तिची इकडची एमएस्सी होतेच आहे, तर परत तिकडे कर्ज काढून शिकवणीची एमएस्सी करायला मी सांगणार नाही, पीएचडीला पगार मिळत असेल तर जा. ब्रिटनच्या संशोधन निधीच्या पीएचडी २०२१ पासून परदेशी मुलांनाही खुल्या आहेत, पण ३० टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे स्पर्धा कडक. शिकून झाल्यावर राहायचा व्हिसा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी दीड वर्षच, पीएचडीवाल्यांना मात्र तीन वर्षं तशीच.

आणि अमेरिकेतही सगळं आलबेल नाही, २०२५ मध्ये तिथल्या सरकारने लायगोचं बजेट कापून दोनपैकी एकच यंत्र चालवा असा प्रस्ताव ठेवला होता, म्हणजे हे क्षेत्र पैशाच्या बाबतीत निर्धास्त आहे असं समजून कोणी येऊ नये. युरोपात आइनस्टाइन टेलिस्कोप या गुरुत्वीय लहरींच्याच पुढच्या यंत्राची आखणी चालू आहे, जमिनीखाली, थंड केलेल्या आरशांसकट, त्यात सिलिकॉनचे धागे आणि आरशांवर नवीन कोटिंग लागतील आणि ग्लासगोत त्यावर काम चालू आहे, पण ते यंत्र प्रत्यक्ष यायला बराच काळ जाईल.

अर्जाचं म्हणाल तर तिने 'मला ब्लॅक होलची आवड आहे' असा ईमेल पाठवू नये, तसले ढिगाने येतात. सस्पेन्शन, कोटिंग, लिसाची ऑप्टिक्स, का चिपवरचं ग्रॅव्हिमीटर यातलं नेमकं काय ते ठरवून, त्या ग्रुपचे दोन अलीकडचे पेपर वाचून, आणि हाताने काय बनवलंय ते आधी लिहावं, साधं मायकेलसन इंटरफेरोमीटर कॉलेजच्या टेबलावर उभं करून दारं-पंखे बंद केल्यावर प्रकाशाचे पट्टे किती स्थिर झाले हे आलेखासकट दाखवलं तरी ते सीजीपीएपेक्षा जास्त बोलतं. तिकडची पीएचडी बहुतेक साडेतीन वर्षांची, तिथे जाऊन हळूहळू शिकू असं चालत नाही. आणि आयुकाचा उन्हाळी व्हेकेशन स्टुडंट्स प्रोग्राम असतो तो साधारण एमएस्सीच्या पहिल्या वर्षात असतानाच भरायचा असतो, ती पहिल्या वर्षाला असेल तर ग्लासगोचं नंतर बघा, आधी तो फॉर्म भरा, पुण्यात लायगो-इंडियाची माणसं समोरासमोर भेटतील आणि कोण कुठे काय करतंय ते माझ्यापेक्षा ताजं कळेल.